हुकूम आमचा, एक्काही आमचा : मग 'ट्रम्प कार्ड' कशाला?

दुधनीला मधुबन जलाशयाच्या काठी पर्यटकांची वाट पाहत बसलेली माणसे दुपारी पत्ते कुटतात. सिल्वासापासून सुमारे 40 किलोमीटर आत, दमणगंगेच्या अडवलेल्या पाण्याकाठचे हे गाव. एका बाजूला महाराष्ट्राची हद्द, दुसऱ्या बाजूला गुजरातची. मागच्या खेपेस आम्ही तेथे थोडा वेळ उभे राहिलो, तेव्हा पाच-तीन-दोनचा डाव रंगला होता. एकाने विचारले, "हुकूम कशाचा?" दुसरा म्हणाला, "काळीचा." तिसऱ्याने त्याला हटकले, "इस्पिक म्हण की!" तिघेही हसले, आणि उतारी झाली. भाषेच्या सीमेवर भाषा कशी जगते याचे एवढे स्वच्छ उदाहरण आम्हांला कोणत्याही परिषदेत मिळाले नसते. काळी हे गुजरातीतले नाव, इस्पिक हे मराठीतले, आणि हुकूम दोघांचा. कोणी कोणाचा शब्द हिसकावला नाही, आणि कोणाचा डावही अडला नाही.

त्याच संध्याकाळी एका मराठी बातमीचा मथळा वाचला. सीमाभागातील मराठी माणसाच्या मागणीविषयीची ती बातमी होती, आणि मथळ्यात म्हटले होते की अमक्यांनी पुन्हा 'मराठी कार्ड' खेळले. खाली मजकुरात आणखी एक 'ट्रम्प कार्ड' होते, आणि कोणी तरी आपले 'पत्ते खोलणार' होते. हा लेख त्या मथळ्यातून निघाला आहे. कोणा एका वार्ताहराशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते मराठीत मराठीचा डाव मोडणाऱ्या सवयीशी.

मराठीजवळ काय आहे

प्रथम आपल्या हातात काय पाने आहेत ते पाहू. पत्ता आणि पान या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ झाडाचे पान. हातात येतात ती पाने, पिसले जातात ते पत्ते. पहिले पान टाकण्याला उतारी म्हणतात, आणि ज्याची उतारी त्याचा रंग बाकीच्यांनी पाळायचा असतो. चौघांनी टाकलेली पाने जो जिंकतो त्याचा 'हात' होतो. रंग संपला की हुकमाने कापायचे. सोबत खेळणारा तो भिडू. एक्का, राजा, राणी, गुलाम यांच्या खाली दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती अशी उतरंड लागते, आणि शेवटी तिर्री-दुर्री. या उतरंडीवरूनच क्षुल्लक माणसांना 'दुर्री-तिर्री' म्हणण्याची रीत पडली.

या टेबलावरून, किंवा खरे म्हणजे या सतरंजीवरून, मराठी भाषेत काय काय उतरले ते मोजा. ऐन वेळी निर्णायक ठरणारी गोष्ट म्हणजे हुकमाचा एक्का. पाया नसलेली योजना म्हणजे पत्त्यांचा बंगला. यादीतून कोणाला वगळले की त्याचा पत्ता कापला गेला. रिकामटेकडेपणा म्हणजे पत्ते कुटणे. मैत्रीतला आणि गुन्ह्यातला साथीदार दोघेही भिडू. आंतरजालावरील मराठी संकेतस्थळांवर एकाने छायाचित्र टाकले की दुसरा आपले टाकताना 'माझा झब्बू' म्हणतो, म्हणजे ही खाण अजून आटलेली नाही. 1991 साली आलेल्या 'चौकट राजा' या चित्रपटाचे नाव ऐकून कोणाला कोश उघडावा लागला नाही, आणि 2012 च्या 'बदाम राणी गुलाम चोर'चे नाव ऐकूनही नाही. पत्त्यांची भाषा घरोघरी समजत होती म्हणूनच ही नावे ठेवता आली.

येथे एक सावधगिरी आम्ही स्वतःलाच सांगतो. खेळाचा वास आला की तो वाक्प्रचार पत्त्यांचा, असे म्हणणे चुकीचे आहे. डावपेच कुस्तीच्या आखाड्यातले आहेत. शह आणि मात बुद्धिबळातली. फासे उलटे पडणे आणि दान पडणे हे सारीपाटावरचे. छक्केपंजे म्हणाल तर सहा आणि पाच फाशांवरही आहेत आणि पत्त्यांवरही. 'हातचे राखून' बोलणारा माणूस पत्ता लपवणाऱ्यासारखा वाटतो खरा, पण हातचा बेरजेतही असतो. सीमाभागातला कार्यकर्ता प्रत्येक गाव आपलेच म्हणू लागला की त्याचा खरा दावाही दुबळा होतो. शब्दांचेही तसेच आहे. आम्ही फक्त निर्विवाद आमचे तेवढेच मांडतो, आणि तेवढे पुरेसे आहे.

हुकूम म्हणजे इस्पिक नव्हे

आता मुख्य मुद्दा. मराठीत हुकूम हे कोणत्याही एका रंगाचे नाव नाही. चार रंगांपैकी ज्या रंगाचा हुकूम बोलला जाईल तो त्या डावापुरता हुकूम. पुढच्या डावात तोच रंग साध्या पानांत जमा होतो. हिंदीत मात्र हुकुम हे एका ठरावीक रंगाचे, आपल्या इस्पिकचे नाव आहे. तेथे चार रंग म्हणजे हुकुम, पान, ईंट आणि चिडी, आणि आपण ज्याला हुकूम म्हणतो त्याला हिंदी तुरुप म्हणते. म्हणून 'हुकुम का इक्का' हा हिंदीत एका विशिष्ट पत्त्याचा निर्देश आहे, तर मराठीत 'हुकमाचा एक्का' ही एक परिस्थिती आहे. तो बदामचाही असू शकतो, किलवरचाही. कोणता, हे बोलणाऱ्याने ठरवलेले असते.

हा फरक बारीक वाटेल, पण अर्थ त्यातच आहे. मराठी वाहिन्यांवर आणि भित्तिफलकांवर 'हुकमाचा एक्का' या शब्दांशेजारी आता सर्रास काळ्या इस्पिकच्या एक्क्याचे चित्र काढलेले दिसते. चित्र काढणाऱ्याच्या डोक्यात हिंदी अर्थ आहे, लेखणीत मराठी शब्द आहेत. वाचणारे मूल यातून शिकते की एक्का जन्मतःच मोठा असतो. मराठी वाक्प्रचार नेमके उलट सांगतो. एक्का मोठा होतो तो हुकमामुळे, आणि हुकूम बोलणारा माणूस असतो.

इंग्रजीकडे पाहा. 'ट्रम्प' हा शब्द 'ट्रायम्फ' या विजयवाचक शब्दाचेच झिजलेले रूप आहे. पत्त्यांच्या संदर्भात तो इंग्रजीत 16 व्या शतकापासून आढळतो. इंग्रजीने त्या पानात विजय पाहिला. मराठीने त्यात आज्ञा पाहिली. दोन भाषांनी एकाच पानाकडे पाहून दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पण 'ट्रम्प कार्ड' असे देवनागरीत लिहिल्याने मराठी वाचकाला विजयही दिसत नाही आणि आज्ञाही दिसत नाही. त्याला दिसतो फक्त एक परका आवाज. मग हे लिहून कमावले काय?

विशेष म्हणजे या देवघेवीत गुजरातीचेही आमच्याइतकेच नुकसान आहे. गुजरातीत 'हुकमनो एक्को' आहे, अर्थ जवळजवळ तोच. दुधनीच्या त्या डावात हुकूम या शब्दावर तिघांचे एकमत होते ते उगीच नव्हे. सीमेच्या दोन्ही बाजूंना टिकलेला शब्द दोन्ही बाजूंची वृत्तपत्रे टाकून देत असतील, तर मराठी आणि गुजराती माणसाने एकमेकांकडे डोळे वटारण्याऐवजी एकाच बाजूने खेळायला हवे.

'कार्ड' खेळत नाहीत, दाखवतात

'मराठी कार्ड खेळले' या प्रयोगाविषयी आमचा राग अधिक आहे आणि तो आम्ही लपवत नाही. मराठीत कार्ड हा शब्द आहे, तो आम्ही नाकारत नाही. शिधापत्रिकेला सारे जण रेशनकार्ड म्हणतात, आधार कार्ड सर्वांच्या खिशात आहे. पण कार्ड ही मराठीत दाखवायची वस्तू आहे. सीमेवरच्या माणसाला तर हे फारच चांगले ठाऊक आहे. तो आयुष्यभर कोणत्या ना कोणत्या खिडकीसमोर कार्ड दाखवत उभा असतो आणि आपण कोण, कोठले, कोणत्या भाषेचे, हे सिद्ध करत असतो. खेळतात तो डाव. टाकतात ते पान.

इंग्रजीतल्या त्या प्रयोगात एक आरोप दडलेला आहे. अमका अमुक 'कार्ड' खेळतो, म्हणजे त्याला त्या गोष्टीशी देणेघेणे नाही, तो फक्त तिचा उपयोग करतो. हा आरोप मराठीतही करता येतो. भाषेचे भांडवल केले असे म्हणा, भाषेच्या आडून राजकारण केले असे म्हणा. ते वाक्य लिहिताना लिहिणाऱ्याला आरोपाची जबाबदारी घ्यावी लागते, आणि वाचणाऱ्याला पुरावा मागता येतो. 'मराठी कार्ड' या दोन शब्दांत आरोप होतो, पण आरोप करणारा कोठेच सापडत नाही. आपल्या गावात मराठी शाळा चालू राहावी, अर्ज मराठीत घ्यावा, फलकावर मराठीही असावी, एवढे मागणाऱ्या बेळगाव-निपाणीच्या, उंबरगावच्या किंवा सिल्वाशाच्या माणसाला बातमीच्या पहिल्याच ओळीत जुगारी ठरवले जाते. तेही त्याच्याच भाषेत! परक्या भाषेने अपमान केला असता तर समजू शकलो असतो.

हुकूम बोलणाऱ्याला 5 हात करावे लागतात

दुधनीच्या सतरंजीवर जो खेळ चालला होता त्याचे नियम पुन्हा आठवा. पाच-तीन-दोन हा तिघांचा खेळ. 30 पाने, प्रत्येकाला 10. आधी पाच-पाच पाने वाटतात, आणि ज्याच्यावर पाचाची पाळी असते तो आपली पहिली 5 पाने पाहून हुकूम बोलतो. पण त्याच्या बदल्यात त्याला 5 हात करून दाखवावे लागतात. बाकीच्यांवर अनुक्रमे 3 आणि 2 हातांचाच भार असतो. तो कमी पडला, तर पुढच्या डावात ज्यांनी जास्त हात केले ते त्याच्या हातातून पाने ओढतात. ज्याला हुकूम बोलण्याचा अधिकार, त्याच्यावर सर्वांत मोठा भार. राज्यशास्त्राचे कितीतरी ग्रंथ जे पानोपानी सांगतात ते या खेळाने पोरांना दहा मिनिटांत शिकवले.

आता या प्रदेशाचा इतिहास याच शब्दांत वाचून पाहा. 1779 साली मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, आणि त्यानुसार 1783 मध्ये नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. 1785 मध्ये दादरा गेले. हुकूम पुण्यात आणि गोव्यात बोलला गेला. येथल्या वारल्याने, कोकण्याने, धोडियाने पाने पाहिलीही नव्हती. 171 वर्षे हुकूम लिस्बनचा होता. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, 22 जुलैला दादरा आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. त्यानंतर 7 वर्षे येथला कारभार वरिष्ठ पंचायतीच्या हाती होता. त्या काळातही खटला चालला तो हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात, आणि निकाल लागला 12 एप्रिल 1960 रोजी. 11 ऑगस्ट 1961 रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला. त्याच सुमारास, 1 मे 1960 रोजी, ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा भाग आणि डांग गुजरातेत गेले. 26 जानेवारी 2020 पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला.

यांतले काही हुकूम आम्हांला प्रिय आहेत, काही नाहीत. विलीनीकरणाचा आनंद आम्हांला कोणाहून कमी नाही. पण प्रत्येक वेळी हुकूम बोलणारा सतरंजीवर बसलेला नव्हता, आणि त्याला 5 हात करून दाखवावे लागले नाहीत. मेंढीकोटात 'बंद हुकूम' असतो, पान उलटे ठेवून दिलेले. वेळ आली की उघडायचे. सीमेवरचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या बंद हुकमाने खेळतो आहे. आपल्या मुलाची शाळा पुढच्या वर्षी कोणत्या भाषेत चालेल हे त्याला पान उघडल्यावर कळते. ही गोष्ट 'ट्रम्प कार्ड' या शब्दांत सांगता येईल काय? हुकूम हा शब्द असल्यामुळेच ती सांगता आली. म्हणून आम्ही एका शब्दासाठी भांडतो आहोत. शब्द गेला की त्या शब्दात मावणारी तक्रारही जाते.

आमच्याच बाजूचे दोन आक्षेप

आमच्याच बाजूचे काही लोक म्हणतील, हुकूम तर अरबी. बादशहाच्या दरबारातून आलेला. तो टिकवण्यासाठी एवढा आटापिटा कशाला? त्यांना आम्ही विचारतो, तुम्ही किलवरचे काय करणार? त्याचे डच भाषेतल्या 'क्लाव्हर'शी असलेले नाते कानालाच कळते, आणि श्रीलंकेत सिंहली माणूसही त्या रंगाला 'कलाबर' म्हणतो. 171 वर्षे पोर्तुगीजांचे राज्य असूनही त्या रंगाचे 'पाउस' हे पोर्तुगीज नाव या सतरंजीवर आले नाही. शब्द राज्यकर्त्याचा हात धरून येतात असे नाही. ते खलाशाबरोबर, व्यापाऱ्याबरोबर, शेजाऱ्याबरोबर येतात आणि जिभेला रुचले तर राहतात. रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाने दरबारातले फारसी शब्द बदलले. तो राज्याचा कारभार होता, तेथे ते योग्यही होते. पण सतरंजीवरचा हुकूम शेतकऱ्याने, खलाशाने, सुट्टीत आजोळी आलेल्या पोरांनी आपलासा केला. तो परका उरलाच नाही. 'ट्रम्प कार्ड'ला आमचा विरोध ते परके आहे म्हणून नाही. आपल्या घरात त्याच कामाचा, त्याहून धारदार शब्द असताना ते आणले जाते म्हणून आहे.

दुसरे म्हणतील, पत्ते म्हणजे जुगार. त्या शब्दांना अभिजात भाषेत कशाला मान? 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यापासून ही सोवळी भाषा वाढली आहे. या मंडळींनी एकदा सावंतवाडीला जावे. तेथील दशावतारी गंजिफा पाहावी. 10 रंग, प्रत्येक रंगात 12, एकूण 120 गोल पत्ते, रंगांची नावे विष्णूच्या अवतारांवरून, आणि प्रत्येक रंगाला राजा व प्रधान. ज्या समाजाने मत्स्य-कूर्मादी अवतार पत्त्यांवर रंगवून हातात घेतले, त्याला पत्त्यांच्या शब्दांची लाज कसली? रमीत कौशल्याचा भाग मोठा असतो हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच सांगितले आहे. आणि जुगार वाईट म्हणून जुगाराचे शब्द वाईट ठरवायचे, तर महाभारतातले द्यूतपर्वही वगळावे लागेल.

मग करायचे काय

सीमेपलीकडच्या आमच्या वाचकांना, डांग-उंबरगावापासून बेळगाव-भालकीपर्यंतच्या सर्वांना, आमची विनंती साधी आहे.

एक, जेथे 'ट्रम्प कार्ड' वाचाल तेथे संपादकाला पत्र लिहा. भांडू नका, फक्त 'हुकमाचा एक्का' असे लिहून पाठवा. 'मराठी कार्ड' वाचाल तेथे मात्र जरूर भांडा, आणि आरोप असेल तर तो पूर्ण वाक्यात करावा असे सांगा.

दोन, आपल्या गावात पत्त्यांचे कोणते शब्द चालतात ते टिपून ठेवा. कोणता रंग काय म्हणून ओळखला जातो, पिसण्याला काय म्हणतात, हरणाऱ्याला काय चिडवतात. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे आणि वाक्संप्रदाय कोशाचे काम 1932 ते 1947 या काळात झाले. त्यानंतर सीमेवरच्या सतरंज्यांवर किती शब्द घडले असतील याचा विचार करा. टिपताना शब्द सुधारू नका. गुजराती असेल तर गुजराती लिहा. वारली किंवा कोकणा बोलीतला असेल तर तो त्या बोलीचा म्हणूनच लिहा. त्या बोलींना आपल्या हातातली पाने समजून मोजण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नाही. आमचा हुकूम दुसऱ्याने बोलू नये असे म्हणणाऱ्याने दुसऱ्याचा हुकूम बोलू नये.

तीन, मुलांना पत्ते शिकवा. पडद्यावरचे नव्हे, हातातले. बदामला हार्ट आणि इस्पिकला स्पेड म्हणणारे मूल इंग्रजी शिकले आहे असे समजू नका. त्याने इतकेच शिकले आहे की घरचा शब्द बाहेर चालत नाही. सीमाभागात हा धडा मुलांना शिकवायला दुसरे पुष्कळ लोक बसले आहेत. निदान आपण तो शिकवू नये.

दुधनीच्या त्या डावात काळी म्हणणारा शेवटी पाच हात करू शकला नाही, त्याचे चारच झाले. पुढची पाने वाटली गेली, आणि ज्याने जास्त हात केले होते त्याने त्याच्या हातातून एक पान ओढले. त्याने तक्रार केली नाही. हुकूम त्यानेच बोलला होता.